तीन मोती तुला, तीन मला

श्रावणातला रविवार होता आणि मी सांगलीला काकूकडे गेले होते. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी जरा दमला होता. गावभागातल्या जुन्या घरांना पावसाळ्यात येतो तो ओल्या भिंतींचा कुबट वास, त्यावर उदबत्तीचा, आणि त्याच्याही वर खिरीतल्या जायफळाचा. काकूने पहाटे कुणाशी न बोलता उठून अंघोळ केली होती, विड्याच्या पानावर रक्तचंदनाने श्रावणी रविवारच्या व्रताची आदित्यराणूबाई काढली होती, सहा गाठींचा तातू, म्हणजे सुताचा दोरा, वाहिला होता. पूजा आटोपली आणि मुठीत अक्षता धरून ती घरभर हिंडायला लागली. कहाणी ऐकायला कुणीतरी हवं होतं. चुलतभाऊ गाडीची किल्ली शोधत होता. वहिनी अंघोळीला गेली होती. पोळ्यांच्या मावशी चपलेत पाय सारता सारता म्हणाल्या, "आजी, अजून दोन घरं हायत मला." मी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून आले आणि पाटासमोर बसले, तेवढ्यात जेवणाच्या टेबलावरून भाची म्हणाली, "आजी, तू पुस्तकातूनच वाचतेस ना? मग मनात वाच की. माणूस कशाला शोधतेस?"

काकूने चष्मा नाकावर खाली घेतला. "मनात वाचली तर तिला कहाणी म्हणतात होय?"

भाचीने खांदे उडवले आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. तिचं बारावीचं वर्ष, दुसऱ्या दिवशी मराठीची चाचणी, आणि चाचणीला 'कथा' हा साहित्यप्रकार. काकूने चातुर्मासाचं पुस्तक उघडलं. 'ऐका आदित्यराणूबाई, तुमची कहाणी' इकडून सुरू झालं आणि तिकडून भाचीची घोकंपट्टी: कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली. आटपाट नगर होतं. कथानक, पात्रचित्रण. तिथं एक दरिद्री ब्राह्मण होता. वातावरण, संघर्ष. मी मधे बसलेली. माझा एक कान कहाणीत आणि एक कान कहाणीच्या घटकांत. हसू येत होतं, पण काकूचं ते वाक्य काही मनातून जाईना. भाचीचा प्रश्न साधा आणि सरळ होता. पुस्तक आहे, डोळे आहेत, वाचता येतं. मग मनातल्या मनात वाचलेल्या कहाणीत कमी काय पडतं?

भाचीच्या यादीवर माझा राग नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, आणि त्यातली एखादी ढिली पडली की कथा कशी लंगडते हे दिवाळी अंक वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. संवाद नकली असले की माणसं भाषण करतात. वातावरण नुसतंच रंगवलं की पहिली दोन पानं पाऊस पडत राहतो आणि कुणी घराबाहेर पडतच नाही. आमच्या वेळी तर यादीही नव्हती, नुसते मुद्दे असायचे. 'पुढील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा: गरीब लाकूडतोड्या – नदीकाठचे झाड – कुऱ्हाड पाण्यात – रडणे – देवी प्रसन्न – सोन्याची कुऱ्हाड – नकार – बक्षीस – तात्पर्य.' वर्गातल्या सगळ्यांची गोष्ट एकच, सगळ्यांचं तात्पर्य एकच, आणि मार्कही एखाददुसरा इकडेतिकडे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने मात्र लिहिलं होतं की कुऱ्हाड पाण्यात पडल्यावर लाकूडतोड्याने आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. मग तो रडायला बसला. बाईंनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. वहीत त्याखाली लाल रेघ होती. ती आवडलं म्हणून होती की चूक म्हणून, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. त्या वर्षीच्या बाकीच्या गोष्टी मी विसरले. हा मागे वळून बघणारा लाकूडतोड्या अजून माझ्यासोबत आहे. मुद्दे परीक्षकाचे होते. दोन मुद्द्यांच्या मधली ती छोटी आडवी रेघ तिची होती.

आता कहाण्यांना भाचीची यादी लावून बघा. स्थळ? आटपाट नगर. नकाशावर कुठेच नाही. काळ? होता, होती, होतं. पात्रांना नावं नाहीत. राजा, राजाची राणी, प्रधानाची राणी, एक म्हातारी, एक सुईण. स्वभावाचं वर्णन नाही, डोळ्यांचा रंग नाही, मनातले विचार तर नाहीतच. परीक्षेत पात्रचित्रणाला शून्य. तरी शतकानुशतकं बायका त्या सांगतायत आणि ऐकतायत, आणि केवळ पुण्य मिळतं म्हणून नाही. मी पुण्याची फारशी पर्वा न करणारी बाई आहे, तरी 'आटपाट नगर होतं' म्हटलं की मांडी घालून बसते. नगर कुठलंही असो, त्यातल्या वस्तू आपल्या घरातल्या आहेत. कारल्याचा मांडव. तांदळाचं धुण. वळचणीची काडी. खुलभर दूध. नगरावर विश्वास ठेवायला कुणी सांगितलेलं नाही, पण तांदळाचं धुण आपल्या मोरीत आत्ताच ओतलंय, त्यावर अविश्वास कसा दाखवणार?

आणि रचना! शुक्रवारची जिवतीची कहाणी घ्या. राणीला मूल नाही. ती सुईणीला हाताशी धरते, गरीब ब्राह्मणीचं मूल जन्मताच भुयारातून राजवाड्यात नेलं जातं, आणि डोळे बांधलेल्या त्या बाळंतिणीला सांगितलं जातं की तुला वरवंटा झाला. ती बाई त्या वरवंट्याकडे बघून काय म्हणाली असेल, ते कहाणी सांगत नाही. ती फक्त तिचा नेम सांगते. हिरवं लुगडं नेसायचं नाही, हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही, तांदळाचं धुण ओलांडायचं नाही. दर शुक्रवारी जिवतीला नमस्कार करून चारी दिशांना अक्षता टाकायच्या आणि म्हणायचं, जिथं माझं बाळ असेल तिथं खुशाल असो. या अक्षता राजवाड्यात वाढणाऱ्या मुलाच्या डोक्यावर जाऊन पडतात. तिला ठाऊक नाही, त्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते फक्त ऐकणारीला. पुढे मुलगा राजा होतो, गावजेवण घालतो, ती बाई कळवते की माझा असा असा नेम आहे, आणि ऐकणारी सावरून बसते. तो नेम इतका वेळ एका कोपऱ्यात पडून होता, आता त्याला काम लागलं. राजा तिचा नेम पाळून तिला जेवायला बोलावतो. स्वतः तूप वाढत वाढत तिच्या पानाशी येतो आणि तिला पान्हा फुटतो. दुधाच्या धारा थेट त्याच्या तोंडात.

काकूचा आवाज इथे दर वर्षी खाली येतो. तिला शेवट पाठ आहे, ऐकणारीलाही पाठ आहे. पुढे काय होणार ही उत्सुकता कधीच संपलीय. तरी कुणी उठून जात नाही. आपण वाट बघतो ती आई आणि मुलगा एका पंगतीत येण्याची, आणि हे आधीपासून माहीत असेल तर वाट बघणं जास्त अवघड जातं.

याच कहाणीत एक जागा आहे, जी आमच्या लहानपणी घाईघाईने उरकली जायची. हा तरुण राजा एकदा त्याच बाईवर मोहित होतो आणि रात्री तिच्या दाराशी जातो. अंधारात त्याचा पाय वासराच्या शेपटीवर पडतो. वासरू गाईकडे तक्रार करतं आणि गाय म्हणते, जो स्वतःच्या आईकडे जायला भीत नाही, तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला कसला भिईल? श्रावणातल्या शुक्रवारी, पुरणाचा वास दरवळत असताना, पोराबाळांसमोर बायका हे वाचत होत्या. आजी तिथे वाऱ्यासारखी धावायची. मोठी झाल्यावर मी पुस्तक उघडून ती जागा सावकाश वाचली आणि थक्क झाले. संघर्ष म्हणजे काय, हे शिकवायला एवढी एक गाय पुरे.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, हे परीक्षेत लिहू का?" मी म्हटलं नको.

पण माझं घोडं अडलं होतं ते आदित्यराणूबाईपाशी. त्या दिवशी ती कहाणी मी बऱ्याच वर्षांनी नीट ऐकली आणि लक्षात आलं की ती कहाणी ऐकण्याबद्दलचीच आहे. दरिद्री ब्राह्मणाला रानात नागकन्या, देवकन्या भेटतात. तो त्यांच्याकडून वसा घेतो, 'उतणार नाही, मातणार नाही' म्हणतो, त्याचं दैन्य फिटतं, एक लेक राजाच्या घरी जाते आणि एक प्रधानाच्या. बारा वर्षांनी तो लेकींना भेटायला निघतो. आधी राजाच्या राणीकडे. ती पाट देते, पाय धुवायला पाणी देते, म्हणते बाबा, गूळ खा, पाणी प्या. तो म्हणतो, गूळ खात नाही, पाणी पीत नाही, मला एक कहाणी करायची आहे, ती तू ऐक. ती म्हणते, मला वेळ नाही, राजा पारधीला जाणार आहे, त्याच्या जेवणाला उशीर होईल. बाप उठतो आणि दुसऱ्या लेकीकडे जातो. ही म्हणते, तुमची कहाणी नाही ऐकायची तर कुणाची ऐकायची? घरात जाते आणि सहा मोती आणते. तीन बापाच्या हातात देते, तीन स्वतः घेते. मग तो मनोभावे सांगतो आणि ती चित्तभावे ऐकते.

तीन सांगणाऱ्याच्या मुठीत, तीन ऐकणारीच्या. या वाटणीने मला पकडलं. कहाणी ज्याला येते, त्याच्याकडेच सगळे सहा असावेत असं आपल्याला वाटतं. निदान लिहिणाऱ्यांना तरी ठाम तसं वाटतं. कथानक माझं, पात्रं माझी, भाषा माझी, तू फक्त वाच आणि कसं वाटलं ते कळव. कहाणी रचणाऱ्या बाईला (ती बाईच असणार, माझी खात्री आहे) असं वाटलेलं दिसत नाही. तिने बरोबर मधोमध वाटणी केली, आणि अर्धे मोती जिने काहीच रचलेलं नाही तिला दिले. काकूला मनातल्या मनात वाचणं का चालत नाही, ते मला इथे थोडं कळलं. सहाही मोती स्वतःच्याच मुठीत घेऊन बसायचं, हे तिला पटत नाही.

पुढे तर कहाणी आणखी मजेदार होते. न ऐकणाऱ्या राणीला दारिद्र्य येतं. तिचे लेक एकेक करून मावशीकडे जातात. मावशी कोहळा पोखरून त्यात होनमोहरा भरून देते, वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या वेषात येऊन तो काढून घेतो. दुसऱ्याला पोखरलेली काठी, ती गुराख्याच्या वेषात. तिसऱ्याचा नारळ विहिरीत गडगडतो. चौथ्याची शिदोरी घार उचलून नेते. दर वेळी घरी येऊन मुलगा म्हणतो, दैवाने दिलं, कर्माने नेलं. आम्ही पोरं हे वाक्य एका सुरात म्हणायचो, त्यातल्या दुःखाचा आम्हाला पत्ताच नव्हता. शेवटी राणी स्वतः बहिणीकडे जाते, कहाणी ऐकते, दिवस पालटतात आणि राजा तिला न्यायला येतो. परतीच्या वाटेवर तिच्यावर बापासारखीच वेळ येते. हातात सहा मोती आहेत, कहाणी येते, पण ऐकणार कोण? मुक्कामा-मुक्कामाला ती माणसं धाडते, उपाशी कोण आहे ते शोधा. एक मोळीविक्या सापडतो. तो रोखठोक विचारतो, तुझी कहाणी ऐकून माझं पोट भरणार आहे का? कुठलाही वाचक मनातून हेच विचारतो, फक्त तोंडावर बोलत नाही. मग तो ऐकतो आणि त्याची मोळी सोन्याची होते. माळ्याची आटलेली विहीर भरते. म्हातारीला तिची गेलेली मुलं परत मिळतात. हातपाय नसलेल्या एका जिवाला हातपाय फुटतात.

प्रत्येकाला मिळतं ते वेगळं, कहाणी एकच.

तरी या कहाणीशी माझं पूर्ण जमत नाही, हेही सांगायला हवं. राजाच्या राणीचं चुकलं काय? नवऱ्याचं जेवण व्हायचंय, तो बाहेर निघालाय, आणि बाप नेमका त्याच वेळी म्हणतो कहाणी ऐक. ती खरं ते बोलली. पोळ्यांच्या मावशींनाही दोन घरं होतीच. प्रधानाच्या राणीला त्या दिवशी सवड होती, एवढ्यावर तिचं भाग्य. बारा वर्षं दारिद्र्य भोगायचं कारण शेवटी सूर्यनारायणाच्या तोंडूनच येतं, आणि ते काय, तर आदितवारी वळचणीखाली बसून केस विंचरले. बायकांच्या जेवण्या-नेसण्या-विंचरण्यावर इतका पहारा असलेलं वाङ्मय गोड गोड म्हणून मिरवणं मला जमत नाही. पण गंमत बघा, सबंध कहाणीत खरी वाटणारी बाई तीच. तिला घाई आहे. तिच्याकडे सबब आहे. ती बदलते. वसा सांभाळणारी धाकटी पहिल्यापासून शेवटपर्यंत शहाणी, म्हणून ती आठवत नाही. मला पात्रचित्रण शिकवायला सांगितलं, तर मी या दोघी बहिणींना शेजारी शेजारी उभ्या करीन आणि गप्प बसेन.

ऐकणाऱ्याची गोष्ट निघाली की मला म्हाइंभट आठवतात. 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण शाळेत पाठ केलेला असतो, पण तो झाला कसा, ते पाठ करत नाही. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभट स्वामींच्या सहवासातल्या माणसांना गाठत हिंडले. ज्याने जी घटना पाहिली त्याच्याकडून ती ऐकली, ऋद्धिपूरला स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतली आणि मग लिहिली. म्हणजे आपल्या गद्याचा पहिला मोठा लेखक हा मुळात पट्टीचा ऐकणारा. त्यातली सशाची लीळा सगळ्यांना ठाऊक आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली लपतो. शिकारी येतात, ससा मागतात. इथे शरण आलेल्याला मरण असतं काय, असं स्वामी विचारतात. शिकारी निघून जातात. मग स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला 'महात्मे हो' म्हणून निरोप देतात. तत्त्वज्ञान शिकाऱ्यांशी बोलण्यातच संपलं होतं. त्या उचललेल्या गुडघ्याची, त्या 'महात्मे'ची उपदेशाला काही गरज नव्हती. माझा अंदाज असा की ज्याने हे पाहिलं, तो सांगताना ससा वाचला म्हणून थांबला असणार, आणि म्हाइंभटांनी विचारलं असणार, मग? सशाला सोडलं कसं? सातशे वर्षांहून जास्त काळ टिकलेला तो तपशील कुणाच्या तरी 'मग?'मुळे आला, असं मानायला मला आवडतं. पुरावा काही नाही.

शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे, तेव्हाच्या कॅसेट आमच्या घरी होत्या. इतक्या वेळा ऐकलेल्या की कथेइतकाच त्यातला हशाही पाठ. कुठे आधी पुरुष हसतात, कुठे एक बाई एकटीच उशिरा हसते आणि तिच्यामुळे पुन्हा सगळे. सांगणारा त्या हशासाठी थांबायचा, तो ओसरू द्यायचा, मग पुढचं वाक्य. तीच कथा नंतर पुस्तकात वाचली तेव्हा ती मला जरा घाईत असल्यासारखी वाटली. हसायला जागा ठेवलेली नव्हती, ती माझी मला करून घ्यावी लागली. कागदावर लिहिणाऱ्याची खरी पंचाईत ही. समोर कुणी नसताना कुठे थांबायचं हे ठरवायचं. बरेच लेखक थांबतच नाहीत. काही जण इतके थांबतात की वाचक जेवून येतो.

हे सगळं पुस्तकी झालं. कथानक तयार होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय ते काकूच्या शेजारच्या वहिनींकडे.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सांगलीत 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. वहिनींचं घर तळमजल्यासकट बुडालं आणि सात माणसं गच्चीवर गेली. त्या दिवाळीत मी गेले तेव्हा वहिनींनी मला पहिल्यांदा ते सांगितलं. तो नुसता गुंता होता. दर तासाला पाणी किती फूट, कुणाचा फोन आला, होडी कुठल्या गल्लीत आली, कपाट कसं फुगलं, विम्याचा फॉर्म, पुन्हा फूट, पुन्हा फोन. त्या रडत नव्हत्या, घडाघडा बोलत होत्या, आणि मला काही दिसत नव्हतं. दोनेक वर्षांनी, पुन्हा पूर येऊन गेल्यावर, त्यांनी तेच एका लग्नात सांगितलं. आता गोष्ट सुरू होत होती गॅसवर ठेवलेल्या दुधाच्या पातेल्यापासून. दूध उतू जाईल म्हणून त्या ओट्यापाशी थांबल्या, म्हणून सासूबाईंची ट्रंक वर न्यायला उशीर झाला, म्हणून ट्रंक पाण्यात गेली आणि ट्रंकेतला सासूबाईंचा शालू. दूध, ट्रंक, शालू. एकातून दुसरं निघत होतं. विम्याचा फॉर्म नाहीसा झाला होता, कारण तिथे ऐकणाऱ्यांच्या नजरा इकडेतिकडे जायच्या. शालूपाशी बायका 'अगं बाई' म्हणायच्या, म्हणून शालू दर वेळी जरा जास्त भरजरी होत होता.

त्यांच्या जाऊबाईही गोष्टीतून गेल्या होत्या. पहिल्या वेळी घराची सगळी कागदपत्रं पोटाशी धरून गच्चीवर नेणाऱ्या त्याच होत्या, मला स्पष्ट आठवतंय. मधल्या काळात दोन घरांच्या वाटण्या झाल्या. आता कागदपत्रं 'आम्ही' वाचवली. पात्रांची संख्या आटोपशीर ठेवावी, असं कथालेखनाच्या वर्गात सांगतात. ती आटोपशीर कशी होते, ते कुणी सांगत नाही. मी काही बोलले नाही. शालूपाशी 'अगं बाई' मीही म्हटलं होतं.

गेल्या वर्षी वहिनींच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. सून लातूरची. नव्या सुनेला घरातल्या गोष्टी सांगायचा मान सासूचा, तेव्हा पुराची गोष्ट निघणार हे ठरलेलंच. मी आणि काकू चहाला गेलो होतो, पुढ्यात भडंग. वहिनी रंगात आल्या. दूध, ट्रंक, शालू. आम्ही आमच्या जागी 'अगं बाई' म्हटलं. सून मात्र शालूपाशी हलली नाही. ज्या वर्षी मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेलं, त्या 2016 सालच्या एप्रिलमध्ये ती शाळेत होती. 10 वाघिणींची पहिली गाडी, एकेका वाघिणीत सुमारे 50 हजार लिटर, आणि घरात मात्र घागरींचा हिशेब. तिने सासूबाईंचं बोलणं शांतपणे पुरं होऊ दिलं आणि विचारलं, "आणि गच्चीवर प्यायला पाणी कुठनं आणलाव?"

वहिनी थांबल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळ्या पाण्याच्या काठच्या, चहूकडे पाणी म्हटलं की आम्हाला बुडणंच दिसतं. वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांच्या तोंडून जे निघालं, ते मी आजवर ऐकलं नव्हतं. गच्चीवर एकच कळशी होती. पहिल्या दिवशी ती कुणी मोजून प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कळशीवर हात ठेवला आणि प्रत्येकाला फुलपात्रभर पाणी द्यायला सुरुवात केली, स्वतः शेवटी. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी जाऊबाईंनी (त्या अशा परत आल्या) आपली ओढणी चौपदरी करून पातेल्यात गाळलं. पाण्याला पत्र्याच्या गंजाची चव होती. समोरच्या गच्चीवरच्या माणसाने दोरीला बांधून एक बाटली फेकली, ती मधेच पडली आणि वाहून गेली, आणि सात माणसं कठड्याला टेकून ती बाटली वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, बघताय काय मेल्यांनो, तोंड वर करा आणि पाऊस प्या. हे सांगताना वहिनी हसल्या आणि डोळेही पुसले. सून विचारतच होती. किती दिवस? लहान कुणी होतं का? अंघोळीचं काय केलाव? प्रत्येक प्रश्नासरशी गच्चीवर काहीतरी नवीन उगवत होतं. काकू माझ्याकडे बघून काही बोलली नाही, तिने फक्त भडंगाची वाटी सुनेपुढे सरकवली.

आता वहिनी ती गोष्ट अशीच सांगतात. सुरुवात कळशीपासून. फूट नाहीत, शालू तर मुळीच नाही, त्यात जाऊबाई आहेत आणि सासूबाई सगळ्यांवर कडी करतात. सूनही आता ती सांगते, माहेरी लातूरला जाऊन सांगून आली, आणि तिच्या सांगण्यात म्हणे ती स्वतःच गच्चीवर असते. परवा फोनवर बोलताना मी वहिनींना मुद्दाम विचारलं की पूर्वी तुम्ही त्या गॅसवरच्या दुधापासून सुरू करायचात, ते हल्ली का नाही सांगत?

"कुठलं दूध?" वहिनी म्हणाल्या.